हो म्हणून झाल्यावर

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या गल्लीत, १९८४ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके. कार्पेट ४१० चौरस फूट, मागणी १ कोटी ६ लाख. रविवारी दुपारी आमच्या मामांची भाची ते बघायला गेली. एजंटने जिन्यातच सांगितलं, संध्याकाळी अजून एक पार्टी येतेय. हे वाक्य मुंबईत घर बघणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं आणि तरी ते लागू पडतं. एक कारण असं की बऱ्याचदा ती पार्टी खरोखर येणार असते. भाची म्हणाली, "एक कोटी." मालक, वय सत्तरीचं, लगेच म्हणाले, "चालेल." तिने उभ्या उभ्या मोबाइलवरून १ लाखाचं टोकन पाठवलं.

सोमवारी अंधेरीहून ऑफिस सुटल्यावर ती मेट्रोने घाटकोपरला उतरली, पण मुलुंडची गाडी न पकडता पंतनगरला मामांकडे आली. मामा बँकेच्या गृहकर्ज विभागातून निवृत्त झालेले. आमच्या इमारतीत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी त्यांचं मासिक परत द्यायला गेलो होतो, तो बसूनच राहिलो.

भाची : मामा, टोकन परत मागू का?

मामा : का गं? काय खोट निघाली?

भाची : काहीच नाही, तोच तर घोळ आहे. काल आवडलं तेच घर आजही आहे. रात्री हिशोब मांडला. ७५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता ६५ हजार.

मामा : हा हिशोब शनिवारीही मांडता आला असता.

भाची : मांडला होता. तेव्हा तो कुणाच्या तरी घराचा हप्ता होता.

मामा : आणि वरचा खर्च धरलास? एकट्या बाईच्या नावावर घेतेस म्हणून स्टँप ड्यूटी सहाऐवजी पाच टक्के, म्हणजे ५ लाख. नोंदणीचे ३० हजार. सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही, मागतील मात्र. एक टक्का टीडीएस त्यांच्या रकमेतून कापून तू भरायचा, तो विसरू नकोस. शिवाय एजंट.

(मामांचं असंच. तत्त्वज्ञानाच्या आधी चलान.)

भाची : हप्त्याचं जाऊ दे. मला खरी धडकी भरली ती त्यांच्या 'चालेल'ने. थोडी तरी घासाघीस करायची ना! म्हणजे मी ९५ म्हणाले असते तरी दिलं असतं? की त्या घरात असं काही आहे जे त्यांना ठाऊक आहे आणि मला नाही?

मामा : अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींवर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळालं. विकणाऱ्याला गाडीचं इंजिन ठाऊक असतं, घेणाऱ्याला नुसता रंग दिसतो. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो आणि हात आखडता घेतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्यात द्यायची तर घरीच राहू दे. बाजारात उरतात खटारे. तुझा संशय त्याच जातीचा आहे, त्यात चूक काही नाही. पण मला सांग, त्या मालक-काकांनी तासभर ओढून धरलं असतं आणि शेवटी १ कोटी २ लाखांवर तुटलं असतं, तर तू आज इथे आली असतीस?

भाची : (हसून) नसते आले. सौदा चांगला जमला असं वाटलं असतं.

मामा : म्हणजे २ लाख जास्त गेले असते तर तू खूश असतीस. मग हा संशय घराचा आहे की मानापमानाचा?

मला हे पटलं, पण अर्धंच. घासाघीस म्हणजे नुसता मान नव्हे. तेवढ्या वेळात माणूस समोरच्याचा चेहरा वाचतो, दोन प्रश्न जास्त विचारतो, एकदा पंखा लावून बघतो, नळ सोडून बघतो. भाचीला ती संधीच मिळाली नव्हती. मी तसं म्हणालो. मामांनी मान डोलावली आणि सरळ कायद्यावर गेले.

मामा : आता कायदा काय म्हणतो ते ऐक. १८७२ चा करार कायदा. समोरच्याचा होकार येईपर्यंत आपला प्रस्ताव मागे घेता येतो. काकांचा होकार दीड मिनिटात आला, तेव्हा ते दार बंद झालं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो की विक्रीच्या नुसत्या कराराने घरावर हक्क तयार होत नाही. म्हणजे घर अजून पूर्ण त्यांचंच आहे. रेरा इथे लागत नाही, तो बिल्डरला लागतो. तिथे नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. रीसेलमध्ये तू आणि काका. टोकन बुडेल की नाही ते काय ठरलं होतं त्यावर. लिहिलंयत काही?

भाची : व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटने "टोकन रिसीव्हड, डील फायनल" लिहिलंय. खाली हात जोडलेले.

मामा : त्या हात जोडण्यावर कोर्टात वर्षभर वाद चालेल. फ्रान्समध्ये घर घेणाऱ्याने करारावर सही केली तरी पुढचे १० दिवस त्याला कारण न देता माघार घेता येते. सिंगापूरमध्ये खासगी घरासाठी साधारण १ टक्का भरून आधी विचार करायची मुदतच विकत घेतात. नाही म्हणालीस तर तो टक्का गेला, पण कुणी कुणाला खोटं ठरवत नाही. आपल्याकडे यातलं काहीच नाही. आपण टोकन देतो, ते इसार आहे की नुसतं 'आमच्यासाठी थांबा' म्हणणं, हे दोघांपैकी कुणीही विचारत नाही.

भाची : कायद्याने सुटेन असं तू म्हणतोयस. माझा प्रश्न तो नाही. मी त्यांच्या घरात उभी राहून हो म्हणालेय, मामा. काकूंनी कोकम सरबत दिलं. आज मी मागे फिरले तर मी कोण?

मामा : अर्जुनाची गोष्ट आठवते? गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवीन, अशी त्याची प्रतिज्ञा. कर्णपर्वात युधिष्ठिर जखमी होऊन छावणीत पडलेला, कर्ण अजून जिवंत आहे म्हणून चिडतो आणि नेमकं तेच बोलतो. अर्जुन तलवार उपसतो. सख्ख्या थोरल्या भावावर! तेव्हा कृष्ण त्याला सांगतो, वडीलधाऱ्याचा अपमान हाच त्याचा वध. त्याला अरे-तुरे कर, म्हणजे शब्दही राहील आणि भाऊही.

भाची : ही पळवाट झाली.

मामा : वाटते तशी. पण कृष्ण आधी कौशिकाची गोष्ट सांगतो. खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला तो ब्राह्मण. लपलेल्या माणसांचा पत्ता दरोडेखोरांना खरा खरा सांगतो आणि नरकात जातो. शब्द पाळताना तो कुणासाठी पाळतोयस ते बघ, एवढंच त्याचं म्हणणं. भीष्माने ते बघितलं नाही. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये त्याला सोडलेलं नाही, ते उगीच नाही.

भाची : मग माझा शब्द कुणासाठी? काकांसाठी ना? त्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळेल. संध्याकाळची पार्टी आहेच. म्हणजे मी मोकळी?

मामा : तसं दिसतंय खरं.

भाची : मग आता उरलेलं ऐक. दुपारी काकांचा फोन आला होता. हे घर विकून बदलापूरला दोन फ्लॅट घेतायत, दोन मुलांना दोन. तिथे गुरुवारी इसार देणार आहेत. का, तर "तुमचं फायनल झालं, म्हणून मी पुढे बोललो."

मामा बराच वेळ चष्मा पुसत बसले. एवढ्या वेळात मी त्यांना आपलं मत फिरवताना प्रथमच पाहिलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मामा : हे आधी सांगायचंस. मग मोकळी नाहीस. तू एक कोटी म्हणालीस तेव्हा तुझ्या शब्दाने फक्त तू बांधली गेली होतीस. आता त्याच्या भरवशावर एक म्हातारा माणूस तिसऱ्याला शब्द देतोय. आज नाही म्हणालीस तर त्यांचा दिवस वाया जाईल. शुक्रवारी म्हणालीस तर त्यांचा बदलापूरचा इसार बुडेल. तुझा शब्द तोच, पण रोज महाग होत चाललाय.

भाची : छान! म्हणजे रविवारी मी घाईत हो म्हणाले, ही चूक. आणि ती सुधारायची तर बुधवारपर्यंत घाईतच ठरवायचं.

मामा : हो.

भाची : हे काय उत्तर झालं?

मामा : दुसरं नाही. दुसऱ्यांचे दिवस वापरून आपण शांतपणे विचार करायचा, हा हक्क तुला कुणी दिला?

मला हे फार कडक वाटलं. पंचवीस-पंचवीस वर्षं फेडायच्या कर्जाच्या फायली ज्या माणसाने हाताळल्या, त्याने तीन दिवसांत ठरव म्हणावं! पण त्यावर तोड मलाही सुचली नाही. अवघड जागा इथेच आहे. विचाराला वेळ हवा, आणि तो वेळ दुसऱ्याच्या खिशातून जातो.

मामा : शिवाय ती घाई होती असं तू कशावरून म्हणतेस? किती वर्षं भाड्याने राहतेयस? अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा टेम्पो, पुन्हा दलाली. त्या घरात काय बघितलंस नक्की?

भाची : ओट्यासमोर खिडकी होती. खाली कडप्प्याच्या मांडणीवर पितळी डब्यांचे गोल डाग पडलेत, एकाला एक लागून. आणि खिडकीतून नारळाचा शेंडा दिसतो. भाड्याच्या सगळ्या घरांत मी भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्यायत, मामा.

मामा : मग ते दहा मिनिटांत ठरलं नव्हतं. भिंतीकडे बघताना ठरत आलं होतं, फक्त खिडकी दिसायची बाकी होती.

भाची : असं कुठल्याही लहरीबद्दल म्हणता येईल. साडी घेतानाही म्हणतात, बऱ्याच दिवसांपासून मनात होतं.

बरोबर बोलली. मामांचा हा मुद्दा मला आजही डळमळीत वाटतो. आधीच्या वर्षांनी आवड पक्की होते, हे खरं. पण त्या वर्षांनी घराचे कागद तपासले जात नाहीत.

मामा : ठीक. मग असं कर. घर कितीही आवडलेलं असू दे, काय कळलं तर तू तिथून उठून येशील, ते सांग.

भाची : ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नसेल तर. आधीच्या मालकांपासूनचे करार पूर्ण नसतील तर. शेअर सर्टिफिकेट गहाण असेल तर. आणि इमारत चाळीस वर्षांची आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, ते केलंच नसेल तर. घाटकोपरची साईदर्शन आपण विसरलो नाही अजून.

२०१७ च्या जुलैमध्ये ती चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. पंतनगरच्या आसपास कुणाला ते आठवून द्यावं लागत नाही.

मामा : यातलं सगळं बुधवारपर्यंत बघता येतं, तीस वर्षांचा सर्च सोडून. यातली एक जरी गोष्ट निघाली तर खुशाल नाही म्हण, कुणी तुला शब्द मोडला म्हणणार नाही. आणि सगळं नीट निघालं तर?

भाची : (बऱ्याच वेळाने) तर मला बहुतेक आणखी भीती वाटेल.

मामा : कशाची?

भाची : कागदांची भीती बरी असते, ती वकिलाला देता येते. घर घेतलं की मी इथलीच झाले. बंगलोरची नोकरी आली तर नाही म्हणावं लागेल. लग्न केलं तर त्याने इथे यायचं की मी हे भाड्याने द्यायचं? आई म्हणते, एकटीने कशाला एवढं डोक्यावर घेतेस. आत्तापर्यंत मला तिचा राग यायचा. काल रात्री आला नाही.

मामा : मग काकांच्या 'चालेल'चं, हप्त्याचं, घासाघिशीचं काय?

भाची : ते सगळं खरंच आहे. पण ते आधी आठवलं, कारण ते सांगायला सोपं आहे.

मामा : तुझ्या या भीतीवर माझ्याकडे उपाय नाही. घर विकता येतं, भाड्याने देता येतं, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी भीती आहे, तर असेल. पण ती काकांच्या माथी मारू नकोस. त्यांचं घर वाईट आहे असं स्वतःला पटवून बाहेर पडलीस, तर पुढचं घरही वाईटच दिसेल.

भाची : आणि मी नाही म्हणाले आणि टोकन सोडून दिलं तर? १ लाख देऊन हिशोब मिटतो ना?

मामा : आजच सोडलंस तर बहुतेक मिटतो. शुक्रवारी सोडलंस तर १ लाखात नाही मिटत.

भाची : किती झाले की मिटतो?

मामा : ते काकांना विचारावं लागेल. आणि ते सांगणार नाहीत.

मी म्हणालो, मग त्यांनाच फोन कर, इथे आम्ही दोघं काय ठरवणार. भाचीने स्पीकरवर लावला. तिने सरळ सांगितलं : काका, मला भीती वाटतेय. कागद बघून बुधवारी रात्री नक्की सांगते, तोवर बदलापूरला पैसे देऊ नका, आणि मी नाही म्हणाले तर टोकन तुमचं. पलीकडे जराशी खाकरणी झाली. मग काका म्हणाले, बदलापूरवाला गुरुवारच्या पुढे थांबणार नाही, त्यालाही पुढे द्यायचेत. पण बुधवारी रात्रीपर्यंत चालेल. एवढ्या लगेच 'चालेल' का म्हणालात असं तिने विचारलंच. ते म्हणाले, "आधीच्या चार जणांनी ८५-९० सांगितलं, आणि हिने तर सरबतही देणं सोडलं होतं." मागून काकूंचा आवाज आला, तसं काही नाही हो.

"ओसी आहे ना काका?"

"आहे की. कपाटात आहे. उद्या झेरॉक्स काढून ठेवतो."

मामांनी हातानेच खूण केली आणि फोन संपायच्या आत दबक्या आवाजात म्हणाले, "झेरॉक्स नको. मूळ कागद दाखवा म्हणावं."