उंदराचे ऋण

मनुष्याच्या जिवाचे मोल मोठे आहे, यावर आपल्या मंडळ्यांत दुमत नाही. परंतु त्या जिवासाठी दुसरा एखादा जीव आजारी पडावा म्हणूनच जन्मास घालावा काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कर्करोगाच्या संशोधनात हे शंभर वर्षांहून अधिक काळ चालले आहे. त्याचा लाभ आपल्यापैकी अनेक घरांनी घेतला आहे, म्हणून या प्रश्नाकडे पाठ फिरवणे आपणांस शोभत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्रयोगशाळेतील उंदराची वंशावळ लिहून ठेवलेली असते. भाऊ-बहिणीचा संकर सलग वीस पिढ्या करीत गेले म्हणजे त्या वाणाचे सर्व उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे एकसारखे होतात. सरमिसळ वाणाच्या दोन उंदरांपैकी एकास गाठ आली व दुसऱ्यास आली नाही, तर कारण औषधात आहे की रक्तात, हे सांगणे कठीण. वाण एकच असला तर ते पुष्कळ सोपे होते. अमेरिकेत क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ साली असा वाण तयार करण्यास आरंभ केला आणि १९२९ साली मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. आज जगभर वापरला जाणारा 'सी-५७ ब्लॅक' हा काळा वाण त्यांनी १९२१ मध्ये सुरू केला. त्याचे मूळ उंदीर ग्रॅनबी गावच्या अ‍ॅबी लॅथ्रॉप या माजी शिक्षिकेने पाळलेले होते.

काही वाण असे आहेत की त्यांतील बहुतेक माद्यांस स्तनाचा कर्करोग होतो. अशा वाणाची पिले जन्मताच दुसऱ्या वाणाच्या आईस पाजावयास दिली तर रोगाचे प्रमाण फार घटते, हे जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवले. पुढे त्या दुधातून जाणारा विषाणू सापडला. आपल्याकडे पुण्याच्या कन्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत परळच्या संस्थेत उंदरांच्या साह्याने स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या संस्थेच्या नावाचा 'आय.सी.आर.सी.' हा वाणही तेथेच तयार झाला.

आता प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणतील, "उंदीरच तो! घरात आपण पिंजरा लावतोच की." खरे आहे. पण धान्य खाणाऱ्या उंदरास आपण बोलावलेले नसते. प्रयोगशाळेतील उंदीर मात्र मनुष्याच्या हेतूने जन्मास येतो आणि त्याचे दुखणेही आपणच ठरवतो. ज्याला आपण बोलावले त्याची जबाबदारी आपणांवर अधिक पडते. नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो, असे नीतिसूत्रे १२:१० मध्ये शिकवले आहे. निनवेवर दया करताना देवाने तेथील गुराढोरांचीही गणती केली, हे योनाच्या पुस्तकाचा शेवट वाचणाऱ्यास ठाऊक आहे.

सृष्टीवर अधिकार मिळाला तो कारभाऱ्याचा, मालकीचा नव्हे. हा भेद नुसता पुस्तकी नाही. कर्करोग होईल अशा रीतीने बदललेल्या एका उंदरावर हार्वर्ड विद्यापीठास १९८८ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. कॅनडात तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा तेथील चर्चेसच्या परिषदेनेही न्यायालयापुढे आपले म्हणणे मांडले. २००२ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या उंदरावर पेटंट नाकारले.

दुसरे कोणी म्हणतील, "जीव तो जीव, त्याला हात लावूच नये." ही भावना कोमल आहे, आणि तिचा आम्ही आदर करतो. पण काही न करण्याचीही किंमत असते, आणि ती खाटेवर पडलेला रोगी देतो. शिरेतून औषध घ्यावयाचे आणि ते ज्या हातांनी पारखले त्यांस दोष द्यावयाचा, हे न्यायाचे नाही. मात्र उंदरास बरे करणारे प्रत्येक औषध मनुष्यास बरे करीत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगास "हा खरोखर आवश्यक आहे काय?" असे विचारलेच पाहिजे. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली तीन नियम सांगितले: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग घ्यावा, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात. एकसारखा वाण असला म्हणजे थोड्या उंदरांत उत्तर मिळते, हाही त्यातलाच लाभ. आपल्या देशात प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून आहे, आणि २०२३ साली औषध-चाचणीच्या नियमांत प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींसही जागा मिळाली.

येथवर प्रश्न शास्त्रज्ञांचा वाटतो. पण त्याचा अवघड भाग आपल्या दारात आहे. १९५३ साली वाइंडर, ग्रॅहम आणि क्रोनिंजर यांनी सिगारेटच्या धुराचे डांबर उंदरांच्या कातडीवर लावले, तेव्हा अनेकांस कर्करोग झाला. पुढच्याच वर्षी, ज्या लिटलसाहेबांनी आपले आयुष्य या उंदरांसाठी वेचले, तेच तंबाखू कंपन्यांनी उभारलेल्या संशोधन समितीचे शास्त्रीय प्रमुख झाले, आणि धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही असे वर्षानुवर्षे सांगत राहिले. उंदराने जिवाने दिलेली साक्ष अशी बाजूस सारली गेली.

पण त्यांच्याकडे बोट दाखवून आपण सुटतो काय? आपल्या किती घरांत अजून सकाळी मिश्रीची डबी उघडते? मंडळीची सभा संपल्यावर बाहेर किती हातांवर चुना मळला जातो? निपाणीच्या बाजूस आपली कित्येक माणसे तंबाखूच्या पिकावर व विडीच्या कामावर पोट भरतात. त्यांना नुसता उपदेश करून भागणार नाही, दुसऱ्या उद्योगास हात द्यावा लागेल. परंतु जे ज्ञान दुसऱ्या जिवाच्या वेदनेतून आले ते ऐकून सोडून देणे म्हणजे ती वेदना फुकट घालवणे होय.

तेव्हा आमचे उत्तर असे: असे उंदीर वाढवणे व पुरवणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही, पण ते निर्धास्तपणे करण्याचे काम नव्हे. गरज खरी असावी, संख्या थोडी असावी, वेदना कमीत कमी असावी, आणि मिळालेले ज्ञान मनुष्याने पाळावे. पहिल्या तीन गोष्टी प्रयोगशाळेच्या हाती आहेत. चौथी तुमच्या-आमच्या हाती आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवताना मुलांशी याविषयी अवश्य बोलावे. मुले हा प्रश्न मोठ्यांपेक्षा सरळ विचारतात, आणि घरी जाऊन आजीच्या मिश्रीच्या डबीविषयीही तीच विचारतील.