कब्जेदारांचं स्मारक

“ज्यांनी बेट बळकावलं, त्यांचंच स्मारक त्या बेटावर?” ग्रीसमधल्या केफालोनियावर, आर्गोस्तोलीजवळ, इटलीच्या अक्वी डिव्हिजनचं स्मारक आहे. त्याच्याबद्दलचा हा आक्षेप रास्त आहे. १९४१मध्ये हे सैनिक काही पाहुणे म्हणून आले नव्हते; इटलीला आयोनियन बेटं कायमची गिळायची होती, तिथे तिने वेगळं चलनही आणलं. पण स्मारक आहे ते सप्टेंबर १९४३मधल्या घटनांचं. ८ तारखेला इटलीचा दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम जाहीर झाला आणि जर्मनांनी शस्त्रं मागितली. डिव्हिजनचे प्रमुख जनरल गांदिन यांनी सैनिकांचाच कौल घेतला (कुठल्याही सैन्यात हे नवलच!), आणि कौल लढण्याकडे झुकला. २२ तारखेला डिव्हिजन शरण आली, तरी जर्मनांनी चालवलेल्या हत्या थांबल्या नाहीत. या बेटावर कैदी घेऊ नयेत, असा वरून हुकूमच होता. २४ तारखेला गांदिन यांना आणि अधिकाऱ्यांना गटागटाने गोळ्या घातल्या.

“पण इटलीने तोवर जर्मनीशी युद्ध पुकारलंच नव्हतं, मग हे बंडखोरच ना?” न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात हा प्रश्न आला. गणवेशातलं, उघड शस्त्रं बाळगणारं, जबाबदार अधिकाऱ्यांच्या हाताखालचं सैन्य बंडखोर ठरत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्या खटल्यातला आरोपी, जर्मन जनरल लान्झ, याला बारा वर्षांची शिक्षा झाली.

“बळी म्हणा, पण वीर कशाला? त्यांना घरी जायचं होतं, म्हणून लढले.” इथे आक्षेपकाचं मला निम्मं पटतं. २००१मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष चाम्पी यांनी बेटावर येऊन लढण्याच्या निर्णयाला इटलीच्या प्रतिकारलढ्याचा आरंभ म्हटलं. घरची ओढ, लष्करी अब्रू, जर्मनांवरचा अविश्वास असं सगळं त्या निर्णयात मिसळलेलं होतं. म्हणून तो खोटा ठरत नाही. मात्र या गौरवात आधीची दोन वर्षं गडप होतात. त्याच १९४३च्या फेब्रुवारीत थेसलीतल्या दोमेनिकोत इटालियन सैन्याच्याच दुसऱ्या तुकडीने गावकऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. म्हणून स्मारकावर १९४१ हे सालही कोरलेलं असावं, असं माझं मत आहे.

“त्याने मेलेल्यांचा अपमान नाही होणार?” त्यांचा स्मारकावरचा हक्क निष्पापपणावर टेकवला, तर कब्ज्याच्या पहिल्या पुराव्यानेच तो कोसळेल. निःशस्त्र कैद्याला मारता येत नाही, यावर टेकवला, तर कब्ज्याचा कुठलाही पुरावा त्याला धक्का लावू शकत नाही. वाचलेल्या सैनिकांना बेटावरच्या ग्रीक कुटुंबांनी जीव धोक्यात घालून लपवलं. कब्जा काय असतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरीही दार उघडण्याआधी त्यांनी १९४१चा हिशेब मागितला नाही.