मागे घेतलेली अक्षरे : आरंभीच्या अनुदिनींचे पुनर्वाचन आणि वाचकाचा अधिकार

१

एखादे आवडते पुस्तक काही वर्षांनी पुन्हा वाचताना वाचक बदललेला असतो, पुस्तक मात्र तेच असते, या गृहीतकावर पुनर्वाचनाविषयीचा आपला बहुतेक विचार उभा आहे. महाजालाच्या पहिल्या दशकात लिहिल्या गेलेल्या व्यक्तिगत वेबलॉगांकडे आज पुन्हा वळणाऱ्या वाचकाला हे गृहीतक सोडून द्यावे लागते. ज्या पानांवर तो एके काळी रोज जात असे, त्यांतील काही जशीच्या तशी उभी आहेत, काही त्यांना आश्रय देणाऱ्या कंपन्यांबरोबर बुडाली, तर काही लेखकांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकली. तरीही या नाहीशा झालेल्या पानांपैकी पुष्कळ पाने संग्रहित प्रतींच्या रूपाने वाचता येतात. लेखकाने मागे घेतलेले लेखन पुन्हा वाचण्याचा अधिकार वाचकाला आहे काय, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. वरवर पाहता तो तंत्राचा किंवा कायद्याचा वाटतो. प्रस्तुत निबंधात तो वाचनाच्या नीतीचा प्रश्न म्हणून तपासायचा आहे.

या लेखनप्रकाराचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात शिकणाऱ्या जस्टिन हॉलने जानेवारी १९९४ मध्ये आपले संकेतस्थळ सुरू केले आणि पुढे त्यावर स्वतःच्या आयुष्याविषयी विलक्षण मोकळेपणाने लिहिले. डिसेंबर १९९७ मध्ये ‘रोबॉट विस्डम’ या स्थळाचा लेखक जॉर्न बार्जर याने आपल्या नोंदींना ‘वेबलॉग’ हे नाव दिले. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झने त्या शब्दाची गमतीने फोड केली आणि ‘ब्लॉग’ हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायरा लॅब्जने ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू केली, आणि संगणकाची भाषा न जाणणाऱ्यालाही असे लेखन शक्य झाले. मराठीत पुढे या प्रकाराला ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे प्रतिशब्द मिळाले. त्यांपैकी पहिला अधिक अर्थपूर्ण आहे. दिवसामागून दिवस, उद्याची खात्री नसताना आजचे लिहिणे, हे या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण त्या शब्दात आलेले आहे.

२

फिलिप लेज्यून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये आत्मचरित्राचा विचार लेखक आणि वाचक यांच्यातील करार म्हणून मांडला. लेखक, निवेदक आणि ज्याची कथा सांगितली जाते ती व्यक्ती या तिन्ही एकच आहेत, अशी हमी या करारात लेखक देतो. पुढे तो दैनंदिनीच्या अभ्यासाकडे वळला, २००० मध्ये त्याने महाजालावरील रोजनिशींवर पुस्तक लिहिले आणि २००१ मध्ये दैनंदिनी संपतात कशा, या प्रश्नावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. आत्मचरित्र सुरू होताना त्याचा शेवट तत्त्वतः ठरलेला असतो. दैनंदिनी मात्र भविष्याकडे तोंड करून असते, आणि तिच्या लेखकाला स्वतःच्या कथानकाचा शेवट ठाऊक नसतो, हा त्याच्या विवेचनातील भेद येथे महत्त्वाचा आहे.

अनुदिनीचा रूपबंध या भेदाला एक वेगळेच वळण देतो. तिच्यात सर्वांत नवी नोंद सर्वांत वर असते. जोवर लेखन चालू असते तोवर ही केवळ सोय असते. लेखन थांबले की वरची नोंद कायमची उंबऱ्यावर राहते, आणि पुन्हा येणाऱ्या वाचकाला प्रथम शेवट भेटतो. छापील रोजनिशीत वाचक लेखकाबरोबर शेवटाकडे चालत जातो. येथे तो शेवटापासून प्रवाहाच्या उलट दिशेने आरंभाकडे जातो. पुष्कळदा ही अखेरची नोंद शेवट म्हणून लिहिलेलीही नसते. ‘लवकरच परत लिहीन’ असे आश्वासन हीच ती नोंद असते.

दुसरी अडचण दुव्यांची. आरंभीचे वेबलॉग प्रामुख्याने इतर पानांकडे बोट दाखवून त्यांवर दोन-चार ओळींचे मत देणारे होते. आज ती पानेच उरलेली नाहीत. मूळ ग्रंथ नष्ट व्हावा आणि त्यावरील टीका तेवढी हाती राहावी, अशी ही अवस्था आहे. लेखकाचा राग किंवा विनोद कळतो, पण तो कशावर होता हे कळत नाही. वाचकाची स्मृती ती जागा भरून काढू पाहते आणि भरताना स्वतःचे बरेच काही त्यात घालते. ‘आवडती अनुदिनी’ म्हणून आपण जिला ओळखतो, ती या अर्थाने अंशतः आपलीच रचना असते.

तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण उत्तरज्ञानाची. हेदर आर्मस्ट्राँग हिने २००१ मध्ये ‘डूस’ ही अनुदिनी सुरू केली. कामाच्या ठिकाणाविषयी लिहिल्यामुळे २००२ मध्ये तिची नोकरी गेली. पुढे मातृत्व आणि नैराश्य यांविषयी तिने जे लिहिले त्यावर फार मोठा वाचकवर्ग जमला. २०२३ मध्ये तिचा मृत्यू झाला. आता तिच्या जुन्या नोंदी वाचणारा प्रत्येक विनोदात सूचना शोधू लागतो. जे तिला त्या दिवशी ठाऊक नव्हते ते आपल्याला ठाऊक असते, आणि त्या ज्ञानाच्या बळावर आपण तिच्या मोकळ्या दिवसांना एका शोकांतिकेचे अंक बनवतो. हा अन्याय बारीक आहे, पण अन्यायच आहे. याच्या उलट उदाहरण ‘रिव्हरबेंड’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या इराकी तरुणीचे. ऑगस्ट २००३ पासून तिने युद्धग्रस्त बगदादमधील जगणे लिहिले. ऑक्टोबर २००७ मध्ये, देश सोडून सीरियात गेल्यानंतर, तिचे लेखन थांबले. साडेपाच वर्षे वाचकांनी ती नोंद शेवट म्हणून वाचली, आणि एप्रिल २०१३ मध्ये तिने पुन्हा एक नोंद लिहिली. ज्याला आपण शेवट म्हणतो तो अनेकदा आपल्या वाचनाचा शेवट असतो, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

३

आता नाहीशा झालेल्या पानांकडे वळू. येथे दोन प्रकार कटाक्षाने वेगळे ठेवले पाहिजेत. ‘जिओसिटीज’ ही व्यक्तिगत पानांना मोफत जागा देणारी सेवा याहूने १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत ती बंद केली. असंख्य सामान्य माणसांचे पहिले लेखन त्या निर्णयाने नष्ट होणार होते. स्वयंसेवकांनी त्यातील मोठा भाग उतरवून घेतला. हे लेखन लेखकांनी मागे घेतलेले नव्हते, जागेच्या मालकाने ते मोडीत काढले होते. ते वाचवणे हे जळत्या ग्रंथालयातून पोथ्या बाहेर काढण्यासारखे आहे, आणि त्याविषयी नैतिक शंका घेण्यास फारसा वाव नाही.

ऑक्टोबर २०११ मधील मार्क पिलग्रिमची कृती वेगळ्या जातीची होती. आज्ञावलीवरील पुस्तकांमुळे आणि स्वतःच्या अनुदिनीमुळे सुपरिचित असलेल्या या लेखकाने एके दिवशी आपली सर्व स्थळे काढून टाकली. वाचक काळजीत पडले. तो सुखरूप असल्याचे लवकरच कळले. त्याची पाने मागणाऱ्याला जे उत्तर मिळत होते ते ४०४ या नेहमीच्या क्रमांकाचे नव्हते, ४१० या क्रमांकाचे होते. महाजालाच्या संकेतव्यवस्थेत पहिल्याचा अर्थ ‘सापडत नाही’ एवढाच होतो. दुसऱ्याचा अर्थ ‘येथे होते, आता हेतुतः काढलेले आहे’ असा होतो. हरवणे आणि मागे घेणे यांतील भेद यंत्रांच्या परिभाषेलाही करावासा वाटला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पिलग्रिमची काही पुस्तके मुक्त परवान्याखाली असल्यामुळे इतरांनी ती पुन्हा उपलब्ध करून दिली, आणि ते योग्यच होते. कारण तो परवाना म्हणजे त्याने दिलेला शब्द होता. रोजच्या व्यक्तिगत नोंदींविषयी मात्र असा शब्द गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडे तुकारामांच्या चरित्रपरंपरेत इंद्रायणीने दोनदा कागद पोटात घेतले आहेत. सावकारीची कर्जखते तुकारामांनी स्वतः, स्वेच्छेने बुडवली. अभंगांच्या वह्या मात्र त्यांना बुडवाव्या लागल्या, आणि त्या तेरा दिवसांनी तरल्या असे परंपरा सांगते. वह्या तरल्याचा आनंद लोकमानसाने साडेतीनशे वर्षे जपला, पण कर्जखते वर काढावीत असे कोणत्याही भक्ताला वाटले नाही. नदी तीच, बुडवणारा हातही तोच. फरक होता तो त्या हातामागील इच्छेत.

४

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, एकदा प्रकाशित झालेले लेखन लोकांचे होते. ते परत घेता येत नाही. यात तथ्य आहे, पण अर्धे. प्रकाशन ही घडलेली कृती म्हणून अपरिवर्तनीय आहे. जे वाचले ते न वाचलेले करता येत नाही. परंतु प्रकाशन हे संबोधनही असते, आणि संबोधन थांबवता येते. बोलणारा उठून गेल्यानंतर त्याचे शब्द आपल्या स्मरणात राहण्यास हरकत नाही. ते नव्या सभेत त्याच्या नावाने पुन्हा वाचून दाखवणे ही मात्र आपली नवी कृती ठरते, आणि तिची जबाबदारी आपली असते.

दुसरा आक्षेप समीक्षेच्या अंगाने येतो. रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्यापासून संहितेवर लेखकाच्या इच्छेचे स्वामित्व आपण मानत नाही. मग येथेच का मानावे? याचे उत्तर लेज्यूनच्या करारात आहे. अर्थनिर्णयनाच्या प्रांतात लेखकाला बाजूला ठेवता येते, कारण तेथे प्रश्न अर्थाचा असतो. अनुदिनीच्या पानावर मात्र नाव खरे, घर खरे आणि भांडणही खरे असते. शिवाय तेथे लेखकाशिवाय इतर माणसेही असतात: मित्र, सोडून गेलेली प्रेयसी, लहान मुले. त्यांनी कोणताच करार केलेला नसतो. जस्टिन हॉलने जानेवारी २००५ मध्ये दीर्घकाळ चाललेले आपले खुले लेखन थांबवले, त्यामागे खासगी नाती आणि जाहीर कथन यांतील हाच ताण होता. जुनी पाने त्याने काढली नाहीत, हा त्याचा निर्णय. दुसरा कोणी ती काढतो तेव्हा कोणाच्या रक्षणासाठी काढतो, हे वाचकाला बाहेरून कळू शकत नाही. हे अज्ञानच संयमाचे सर्वांत बळकट कारण आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आणि सर्वांत वजनदार आहे. सामान्य माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, रोजचे जगणे इतिहासात क्वचितच उरते. रिव्हरबेंडने आपले लेखन पुसले असते तर एका युद्धाची साक्षच गेली असती. जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या एकांतप्रिय लेखकाच्या निधनानंतर (१९८७) त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले, आणि मराठी वाचक त्यामुळे समृद्धच झाला. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. त्याला सीमा मात्र घालता येते. जतन करणे आणि प्रसृत करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या आणि २००१ पासून सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या जालसंग्रहात या दोन्ही क्रिया एकाच कळीने होतात, आणि अडचण तेथे सुरू होते. कागदी दप्तरखान्यात जतन व खुले करणे यांच्यामध्ये अनेक वर्षांचे अंतर ठेवण्याची प्रथा आहे. तेवढ्या काळात जखमा भरतात आणि उल्लेखिलेली माणसे उरत नाहीत. युरोपीय न्यायालयाच्या मे २०१४ मधील निर्णयाने शोधयंत्रातून व्यक्तीच्या नावाखालचे जुने दुवे वगळण्याचा मार्ग काढला, तोही मूळ पान न पुसता पाहणाऱ्याची वाट लांबवण्याचाच. ज्या साक्षीत समाजाचा वाटा आहे ती राखावी. कबुलीजबाबाला तेवढा काळ द्यावा. एकाच पानावर दोन्ही असतील, आणि बहुधा असतातच, तर शंकेचा फायदा लेखकाला मिळावा.

५

वाचकाचा अधिकार यातून असा निश्चित होतो. उभ्या असलेल्या अनुदिनीकडे त्याने निःशंक जावे, पण शक्यतो पहिल्या नोंदीपासून खाली यावे, म्हणजे लेखकाला ठाऊक नसलेला शेवट त्याच्या प्रत्येक दिवसावर लादला जाणार नाही. कंपनीच्या हिशेबात बुडालेली पाने वाचवण्यास त्याने हातभार लावावा. लेखकाने स्वतः मागे घेतलेली पाने संग्रहात सापडली, तर एके काळी त्या लेखकाचा वाचक असल्याच्या नात्याने तो ती वाचू शकेल. परंतु ती उद्धृत करणे, त्यांचे दुवे वाटणे, त्यांवर प्रबंध लिहिणे यासाठी त्याला त्या लेखकाची संमती हवी. ती मिळण्याचा मार्ग नसेल तर अभ्यासकाने एका चांगल्या उदाहरणावाचून आपला निबंध पुरा करावा. समीक्षेला ही किंमत जाचक वाटेल. परंतु ज्या लेखनावर आपला लोभ जडला तो त्यातील विश्वासामुळे जडला, हे मान्य असेल तर तिची तक्रार करता येणार नाही.