*आपलं घड्याळ कोणाच्या भरवशावर?*

एखादी गोष्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली, तर ती बरोबरच होती असं म्हणायचं का? आपण बहुतेक जण 'हो' म्हणू. आज एका यंत्राच्या निमित्ताने यावर विचार करू. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं संगणकाच्या कामात आहेत, त्यांनाही विचारून पाहा.

मोबाइलसारखं यंत्र बॅटरी वाचवायला झोपतं. ठरल्या वेळी त्याला उठवायला आत एक छोटा टायमर जागा असतो. त्याला मोजायला ठोके लागतात, पुष्कळदा सेकंदाला ३२,७६८. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. हे ठोके पुरवणारं ते 'क्लॉक', आणि टायमर चालवणारा छोटा प्रोग्राम तो 'ड्रायव्हर'.

लिनक्समध्ये नियम साधा आहे. ज्याला क्लॉक हवं त्याने मागायचं, काम झालं की सोडायचं. किती जणांनी मागितलंय याची मोजणी राहते. मोजणी शून्य झाली की क्लॉक बंद.

आता घोटाळा कसा होतो? टायमरचा ड्रायव्हर क्लॉक मागतच नाही. तरी सगळं छान चालतं, कारण तेच क्लॉक दुसऱ्या कोणीतरी मागून ठेवलेलं असतं. एक दिवस तो आपलं काम संपवून क्लॉक सोडतो. टायमर थांबतो, आणि झोपलेलं यंत्र उठतच नाही.

*दोष कोणाचा?* बोट पटकन सोडणाऱ्याकडे जातं. पण त्याने तर नियम पाळला. मागायचं राहिलं ते टायमरकडून, आणि ते पहिल्या दिवसापासून राहिलेलं होतं. चालत होतं, म्हणून दिसलं नाही.

घरातही असंच असतं. पहाटे आजी उठते, दिवा लागतो, पोथी वाचली जाते. आपण अभिमानाने सांगतो, 'आमच्याकडे नेम आहे.' आजी चार दिवस लेकीकडे गेली की कळतं, नेम आजीचा होता. आणि वर आपणच म्हणतो, 'आजी नव्हती ना, म्हणून राहिलं!'

मग कोणाचा आधार घेऊच नये का? तसं नाही. ड्रायव्हर दुरुस्त करताना टायमरला वेगळं क्लॉक देत नाहीत. क्लॉक सामायिकच राहतं, फक्त टायमर आपली मागणी स्वतः नोंदवतो. सत्संगाचंही तेच. बसायचं सगळ्यांबरोबर, संकल्प मात्र ज्याचा त्याने करायचा.

दुरुस्तीचा दुसरा भागही तितकाच मोलाचा. घेतलेलं सोडायचं. काम मध्येच फसलं तरी सोडायचं, नाहीतर क्लॉक उगाच चालू राहून बॅटरी खातं. गरज संपल्यावरही धरून ठेवलेल्या गोष्टी आपलीही शक्ती अशीच खातात.

या आठवड्यात प्रत्येकाने एवढंच पाहू या: आपली कोणती चांगली सवय दुसऱ्याच्या जिवावर चालू आहे? सापडली, तर आधी त्या माणसाला नमस्कार करू. मग ती सवय आपल्या नावावर घेऊ.

शुभं भवतु.