रांगेत नसलेली माणसं

मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरून माझी एक विद्यार्थिनी कॉलेजला येते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. संशोधन पद्धतीच्या तासाला मी नमुना निवड शिकवत होते, तेव्हा तिनं हात वर केला. "मॅडम, रामनवमीला पोहरादेवीला नवस फेडायला आलेल्या शंभर माणसांना विचारा. शंभरही सांगतील, देवी पावली म्हणून. मग याच्याहून मोठा नमुना कोणता?"

वर्गात कोणी हसलं नाही. पोहरादेवी हे आमच्या वाशीम जिल्ह्यातलंच जगदंबेचं ठिकाण, म्हणून हा प्रश्न इथं घराघरातला आहे. मी फळ्यावर चार घरांचा तक्ता काढला. नवस बोलला आणि इच्छा पुरी झाली, हे पहिलं घर. नवस बोलला पण इच्छा पुरी झाली नाही, हे दुसरं. नवस न बोलताच पुरी झाली, हे तिसरं. बोललाही नाही आणि झालीही नाही, हे चौथं. मग तिलाच विचारलं, "रांगेतली शंभर माणसं कुठल्या घरात?" तिनं थोडा वेळ फळ्याकडं पाहिलं. "सगळी पहिल्याच," ती म्हणाली.

दुसऱ्या घरात कोण असतं? जिनं नवस बोलला, पण जिचा नवरा दवाखान्यातून परत आला नाही, ती बाई. ती नवस फेडायला कशाला येईल? ती घरी आहे आणि तिला विचारायला कोणी गेलेलं नाही. मला सांख्यिकी नैतिक विषय वाटतो तो इथं. जो समोर नाही, ज्याची गोष्ट कोणी सांगत नाही, त्यालाही मोजायचं, अशी ती आपल्यावर सक्ती करते.

"म्हणजे देवी पावत नाही असं म्हणायचं का?" तिचा पुढचा प्रश्न आलाच. नाही, तसंही म्हणता येत नाही. तीन घरं रिकामी असलेला तक्ता होकारही देत नाही आणि नकारही देत नाही.

हे एकदा समजलं की संपलं, असं मुलांना वाटतं. पण तसं होत नाही, आणि ते प्रात्यक्षिकाच्या वर्गात उघड दिसतं. म्यूलर-लायर भ्रमाची पाटी सगळ्यांनी हाताळलेली असते. एका रेषेच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. पट्टी सरकवत दोन्ही रेषा सारख्या दिसतील तिथं थांबायचं. मग मागच्या बाजूचं माप मिलिमीटरमध्ये वाचायचं आणि वहीत लिहायचं. बाहेर फाकलेली रेषा लांब भासते, म्हणून मुलं ती आखूड असतानाच थांबतात. भ्रम समजावून सांगितल्यावरही डोळ्याला ती रेषा लांबच दिसत राहते.

वेदान्तातल्या, अंधारात दोरीवर भासणाऱ्या सापाचं असं नाही. दिवा आणला की तो साप जातो. ज्ञान झालं की भ्रम फिटला, हा त्या दृष्टान्ताचा गाभा. म्यूलर-लायरची रेषा मात्र ज्ञान झाल्यावरही फसवते. माणसाच्या मनात दोन्ही जातींचे भ्रम आहेत. पावलेला नवस लक्षात राहणं आणि न पावलेला विसरून जाणं, हा दुसऱ्या जातीचा. शिकलेला माणूस त्यातून सुटत नाही, आणि शिकवणाराही नाही. अशा भ्रमावर एकच उपाय : डोळ्यावर न विसंबता प्रत्येक वेळी मोजपट्टी लावायची. नियंत्रित गट, यादृच्छिक निवड, निकष आधी ठरवून ठेवणं, ही त्या मोजपट्टीची रूपं. व्रतासारखी ती रोज पाळावी लागतात.

आपल्याच महाराष्ट्रात हे व्रत नीट पाळलं गेल्याचं उदाहरण मी मुलांना देते. जयंत नारळीकर, सांख्यिकीचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 28 बरोबर आल्या तर यश मानायचं, हा निकष. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वांत जास्त 24 बरोबर, सरासरी सुमारे 46 टक्के. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या आणि 102 बरोबर ओळखल्या. नाणं उडवूनही जवळपास हेच हाती आलं असतं. या चाचणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिची मर्यादा. पत्रिकेवरून बुद्धीचा गट ओळखता येतो का, एवढाच प्रश्न विचारला आणि उत्तरही तेवढ्याचंच घेतलं.

आपण किती जाणतो याची हद्द आखून बोलण्याची ही शिस्त आमच्या मातीला परकी नाही. कारंजा लाड हे गाव नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना ठाऊक आहे. तिथंच भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मपीठांच्या प्रमुखांच्या, गाद्या होत्या आणि जैन हस्तलिखितांची भांडारंही आहेत. ज्या जैन परंपरेनं ती जपली, तिचा स्याद्वाद सांगतो की प्रत्येक विधान कोणत्या तरी बाजूनं, कोणत्या तरी अटीवर खरं असतं. त्याच्या सात भंगांत, म्हणजे विधानाच्या सात प्रकारांत, 'आहे' आणि 'नाही' यांच्याबरोबर 'अवक्तव्य', म्हणजे सांगता न येणारं, यालाही जागा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1954 साली सांख्यिकीच्या पायाविषयी लिहिताना याच स्याद्वादाकडं बोट दाखवलं. तीन वर्षांनी जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही त्यावर लिहिलं. सगळ्यांचंच खरं, अशी सोयीची पळवाट यात नाही. कोणत्या अटीवर खरं ते बोलणाऱ्यानं सांगायचं असतं. 'काही फरक नाही' हे शून्य गृहीतक नाकारता आलं नाही म्हणजे ते सिद्ध झालं, असं लिहिणाऱ्या मुलाचे गुण मी कापते ते म्हणूनच.

त्या मुलीची आई दरवर्षी पोहरादेवीला जाते. मुलगीही जाईल, आणि तिनं जावं. जगदंबेपुढं हात जोडताना मनाला जे बळ मिळतं, त्यासाठी तिला माझ्या तक्त्याची परवानगी लागत नाही. पण उद्या तांड्यात कोणी तापानं फणफणलेल्या लेकराच्या आईला सांगेल, "दवाखान्यात नको नेऊस, नवस बोल, अमक्याला पावली होती." तिथं श्रद्धेचा सल्ला झालेला असतो आणि त्याची किंमत ते लेकरू मोजणार असतं. अशा वेळी सल्ला देणाऱ्याला, "ज्यांना पावली नाही ती किती?" असं विचारणारं एक माणूस तिथं असलं पाहिजे. ते माणूस माझ्या वर्गातून जावं, यासाठी मी सांख्यिकी शिकवते.