बक्षिसी

दिवाळीची पोस्त द्यायला मला फार आवडते. सकाळी दार वाजते, मी पाकीट पुढे करतो, समोरचा माणूस हसून नमस्कार करतो, आणि आपण कोणी उदार गृहस्थ आहोत असा भास मला दिवसभर होत राहतो. यंदा मात्र ह्या सुखात खडा पडला, तो अमेरिकेतल्या पुलमन पोर्टरांची हकीगत वाचून.

जॉर्ज पुलमनने १८६७ मध्ये आगगाडीच्या निजण्याच्या डब्यांची कंपनी काढली. यादवी युद्ध नुकतेच संपले होते. गुलामगिरीतून सुटलेली काळी माणसे कामाच्या शोधात होती. पोर्टर म्हणून त्याने मुद्दाम तीच नेमली. बिछाने घालावेत, बूट चमकवावेत, रात्री घंटा वाजली की उठावे. उतारू त्यांना सर्रास ‘जॉर्ज’ म्हणत. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखावे, त्यातलाच हा प्रकार! (१९१४ मध्ये ह्याविरुद्ध एक मंडळ निघाले खरे, पण ते काढले जॉर्ज नावाच्याच एका गोऱ्या व्यापाऱ्याने, निम्मे थट्टेने. चिंता होती ती स्वतःच्या नावाची.)

१९२५ च्या सुमारास पोर्टरला महिन्याकाठी सुमारे ४०० तास राबावे लागे. पगार ६७.५० डॉलर, बूटपॉलिशसुद्धा त्यातूनच विकत घ्यायचे. बाकीची भर बक्षिसीने. कंपनीचा हिशेब सरळ होता : उतारू देतातच, मग आपण कशाला द्यावे? आणि उतारू देत. त्यांत माझ्यासारखे दिलदार पुष्कळ असतील. परंतु अपुरा पगार तगून राहिला तो ह्याच दिलदारपणाच्या आधारावर. पोर्टरचे हसूदेखील मग नोकरीत जमा झाले.

दया वाईट, असे मी कसे म्हणू? पण बक्षिसी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. तिच्यासाठी भांडता येत नाही. पगारासाठी येते. २५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेममध्ये पोर्टरांची संघटना उभी राहिली. तिचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, म्हणून कंपनीला त्यांना काढून टाकता येईना. इतरांना तिने काढले. खबऱ्यांच्या भीतीने पुरुष उघड बोलेनात, तेव्हा बायका पुढे झाल्या. वॉशिंग्टनच्या रोझिना टकर घरोघर हिंडून गुपचूप वर्गणी जमवीत. ते कळताच त्यांच्या नवऱ्याचे काम गेले. बाई तडक कंपनीच्या कचेरीत गेल्या, साहेबाच्या टेबलावर हात आपटला, आणि नवऱ्याला कामावर परत घ्यायला लावले!

१९३३ पर्यंत सभासद उरले ६५८. तरी बरोबर बारा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३७ रोजी, कंपनीने करारावर सही केली. पगार वाढला, ४०० तासांचे २४० झाले. त्या सहीत औदार्याचा अंशही नव्हता. पोर्टरांना तो नकोच होता.

माझी पाकिटे कपाटात भरून ठेवली आहेत. आमच्या सोसायटीच्या पहारेकऱ्याचा पगार वाढवावा की नाही, हा विषय मागच्या सभेत निघाला होता. तो पुढे ढकलण्यात आला. खजिनदार मीच आहे, आणि त्या ठरावाखाली सही माझी आहे. पहारेकऱ्याला मात्र हे ठाऊक नाही. तो मला रोज हसून नमस्कार करतो.