मुलांना शुक्र कसा शिकवावा?

ताटात अन्न टाकणाऱ्या मुलाला आपण सहज म्हणतो, ‘बघ, कित्येकांना एवढेही मिळत नाही, अल्लाहचा शुक्र अदा कर.’ आपल्याहून खालच्या स्थितीतील माणसाकडे पाहावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहेच; परंतु मिळालेली कृपा क्षुद्र वाटू नये, हा तिचा हेतू. दुसऱ्याचे दुःख हे आपल्या समाधानाचे माप झाले, तर शुक्राच्या जागी अहंकार रुजतो.

२६ जुलै २००५ चा पाऊस आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर! मिठी नदी कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरली. तळमजले बुडाले, वरचे कोरडे राहिले. वरच्याने ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणून दार लावून घेतले, तर तो शुक्र होईल काय? मला तरी तसे वाटत नाही. सूरह सबामध्ये (३४:१३) दाऊद (अलै.) यांच्या घराण्याला शुक्र कृतीतून करण्याची आज्ञा आहे.

शिवाय माणसांचे आभार न मानणाऱ्याने अल्लाहचेही मानले नाहीत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. म्हणून रोज रात्री मुलाला विचारावे, ‘आज तुझे काम कोणामुळे सोपे झाले?’ पाणी सोडणारा चावीवाला, जिना झाडणाऱ्या मावशी, शाळेच्या बसचे चालक. त्यांचे नाव त्याला सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी अदबीने विचारून यायला सांगावे.